ठोकळ्याचं हसू

२ फेब्रुवारी

दिग्दर्शिकेने सगळ्या नटांना एकेक वही दिली आणि सांगितलं, आपापल्या पात्राची दैनंदिनी लिहा. माझं पात्र हॉटेलच्या दारावर उभा राहणारा दरवान. त्याची दैनंदिनी एका ओळीत संपली: 'दार उघडलं, दार लावलं.' उरलेली वही कोरी परत देणं बरं दिसणार नाही, म्हणून माझीच लिहितो.

तर मी. वय त्रेपन्न. धंदा, न हसणे. 'भोंगा आणि ठोकळा' या जोडीतला मी ठोकळा. भोंगा बोलतो, ओरडतो, पडतो, गळा काढून रडतो. मी उभा असतो. तो माझ्या डोक्यावर बादली पालथी करतो, अंगावरचा कोट कात्रीने कापतो, आणि माझ्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. लोक तिकीट त्याच्या नावावर काढतात आणि हसतात मला बघून, असं तोच म्हणतो. ते म्हणताना तो हसत नाही.

सिनेमात आजवर कामं केली ती सगळी 'साहेब, गाडी आली' छापाची. आता पहिल्यांदा मुख्य भूमिका. दरवानाचा मुलगा भांडून घरातून निघून गेलेला असतो. पुष्कळ वर्षांनी तो पाहुणा म्हणून त्याच हॉटेलात येतो आणि गणवेशातल्या बापाला न ओळखता आत निघून जातो. बाप दार धरून उभा राहतो आणि हसतो. आख्ख्या सिनेमात एकदाच, शेवटी.

"सर, सगळा सिनेमा त्या हसण्यासाठी आहे," दिग्दर्शिका म्हणाली. "लोकांनी तुम्हाला कधी हसताना बघितलेलंच नाही. म्हणून तुम्ही हवे आहात."

मी म्हटलं, "बघू."

ती खो खो हसली. मी विनोद केला नव्हता.

५ फेब्रुवारी

भोंग्याला सांगितलं. प्रयोगानंतर तो रंग पुसत होता, अर्धा चेहरा पांढरा, अर्धा त्याचा.

"चांगलं आहे," तो म्हणाला. मग कापूस खाली ठेवून आरशातूनच विचारलं, "हसणार तू? कुठून आणणार?"

"घरून," मी म्हटलं.

तो हसला, पण उशिरा. इतकी वर्षं एकत्र काम केल्यावर माणसाचं हसू किती उशिरा आलं हे कळतं. त्याला लागलंय. शनिवार-रविवारचे प्रयोग चालूच राहतील, असं मी दोनदा सांगितलं.

९ फेब्रुवारी

लेक आणि जावई आले होते. जेवणं झाल्यावर लेकीने एकदम सांगितलं की तिला दिवस गेलेत. हिने तिला मिठीत घेतलं. (ही म्हणजे माझी बायको. शाळेत गणित शिकवते आणि घरी माझ्या चुका काढते.) जावई उगाचच भांडी गोळा करायला लागला. माझ्या आत काय झालं ते मला लिहिता येत नाही. पोरगी तीन वर्षांची असताना माझ्या पोटावर बसून गाणी म्हणायची, ते सगळं एका दमात वर आलं.

"बाबा, तुला आनंद नाही झाला?"

"झाला की."

"मग चेहऱ्याला सांग."

सगळे हसले. ती हसली नाही. डोकं दुखतंय म्हणून लवकर निघून गेली.

ते गेल्यावर ही म्हणाली, "घरी तरी तो धंदा बंद ठेवत जा. तिला किती वाईट वाटलं."

मी धंदा करत नव्हतो. मी तिच्याकडे बघून छान हसलो होतो. आता हे कुणाला सांगायचं?

१७ फेब्रुवारी

आज दोन भांडणं झाली.

पहिलं दुधावरून. ही खाली गेली होती आणि मी स्वयंपाकघरातच पाठांतर करत बसलो होतो. ती आली तेव्हा घरभर धूर. पातेलं काळं ठिक्कर. "नाकासमोर दूध जळतंय आणि तुला वास येत नाही?" मी म्हटलं, भूमिकेत होतो. एवढा एकाग्र झालो याचं मला खरं तर जरा कौतुकच वाटलं.

दुसरं सामानाच्या यादीवरून. मी लिहिलेली यादी घेऊन ती दुकानात गेली आणि तशीच परत आली. "हे काय मुंग्यांसाठी लिहिलंयस?" बघितलं तर खरंच अक्षर ओळीच्या शेवटाला बारीक बारीक होत गेलंय. या वहीतही तसंच होतंय. पेनात काहीतरी खोट असावी.

ही गेल्या महिन्यापासून लेकीच्या जुन्या खोलीत झोपते. कारण विचारलं तर "माझी झोप होत नाही" एवढंच. रागावली असेल तर तसं सांगावं. गणिताच्या बाईंनी उत्तर असं अर्धं सोडू नये.

२३ फेब्रुवारी

टोपी पडली.

आमच्या खेळात भोंगा मागून टोपी फेकतो आणि मी न बघता ती झेलून डोक्यावर ठेवतो. आजवर चुकली नाही. आज हात वर गेला तेव्हा टोपी जमिनीवर पोचली होती. रिकामा हात मी तसाच डोक्यावर ठेवला आणि उभा राहिलो. प्रेक्षक वेडे झाले. शिट्ट्या.

आत आल्यावर भोंग्याने दार लावून घेतलं. "काही नवीन करायचं तर आधी सांगून कर."

"केलं नाही. झालं."

बाहेर पडताना तो मुद्दाम मागे राहिला. मी वळून बघितलं तर माझ्या चालण्याकडे बघत होता.

"उजवा हात असा काय ठेवतोस?"

"कसा?"

"खिशात असल्यासारखा."

माझा हात खिशात नव्हता. मला वाटतं तो आता माझ्यात खोट शोधतोय.

२ मार्च

शूटिंग सुरू झालं. दिग्दर्शिका माझ्यावर खूश आहे. पहिल्याच दिवशी मॅनेजर दरवानाला सगळ्यांसमोर झापतो तो प्रसंग होता. कॅमेरामन म्हणाला, "या माणसाची पापणीसुद्धा लवत नाही. मी मोजत बसलो होतो." दिग्दर्शिका दुपारी माझ्याजवळ येऊन बसली. "सर, हा संयम कुठून येतो? मी इतर नटांना सांगते, बघा, काहीही न करता कसं सगळं करायचं." मी खाली बघितलं. स्तुती ऐकताना कुठे बघायचं ते मला अजून कळत नाही.

गणवेशाची बटणं फार बारीक आहेत, काजं त्याहून बारीक. वेशभूषेची बाई रोज येऊन लावून देते. मोठ्या नटांची बटणं दुसरेच लावतात, असं ऐकून होतो. खरं आहे तर.

१० मार्च

हिचा फोन टेबलावर होता आणि वाजला. पडद्यावर भोंग्याचं नाव. तिने झटकन उचलला आणि बाल्कनीत जाऊन दार ओढून घेतलं. काचेतून दिसत होती. बोलत कमी होती, ऐकत जास्त. एकदा तोंडावर हात ठेवला.

आत आल्यावर मी विचारलं, "कोण?"

"शाळेतलं."

सत्तावीस वर्षांच्या संसारात ही माझ्याशी खोटं बोललेली मला आठवत नाही. खोटं बोलायला लागणारी कल्पनाशक्ती तिच्याकडे नाहीच, असं मी समजत होतो.

१४ मार्च

आता सगळं लक्षात आलं.

शूटिंगच्या जागेसमोर चहाचं दुकान आहे. जेवणाच्या सुट्टीत बाहेर डोकावलो तर कोपऱ्यातल्या टेबलावर भोंगा आणि दिग्दर्शिका. भोंगा हाताने काहीतरी दाखवत होता, पाय ओढत चालणारा माणूस. माझी नक्कल. ती मान खाली घालून ऐकत होती. दुपारी सेटवर ती माझ्याशी जरा जास्तच गोड बोलली. "सर, दमलात का? खुर्ची आणू का?" काल मी श्रेष्ठ नट होतो, आज मला खुर्ची.

भोंग्याला जोडी मोडायला नकोय. समजू शकतो. पण पाठीमागून जाऊन काम तोडायचं, आणि त्यात माझ्या बायकोला सामील करून घ्यायचं?

१५ मार्च

रंगपटात त्याला गाठला. आवाज चढवणं मला जमत नाही, त्यामुळे मी भांडतोय हे कळायला त्याला वेळ लागला.

"तू माझ्या दिग्दर्शिकेला काय सांगितलंस?"

तो म्हणाला, "तू एकदा डॉक्टरकडे जा."

"कसल्या? डोक्याच्या?"

"हो. डोक्याच्याच."

इतकी वर्षं हा माणूस स्टेजवर माझा रोज अपमान करत आला आणि मला कधी काही वाटलं नाही. आज वाटलं. मी कोट उचलला. बाही सापडेना, तो पुढे आला मदतीला, तर मी त्याचा हात झटकला.

"शनिवारचा प्रयोग एकट्याने कर," मी म्हटलं.

"एकट्याने कसा करू? मी ओरडायचं कुणावर?"

मी निघून आलो. पायऱ्यांवर पाय जरा अडखळला. रागाने असं होतं.

२७ मार्च

शनिवार-रविवारचे प्रयोग बंद. ही काही विचारत नाही, म्हणजे तिला सगळं कळलेलं आहे. जेवताना दोनदा म्हणाली, "एकदा नुसतं तपासून यायला काय हरकत आहे?" मी म्हटलं, सिनेमा संपू दे. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं पेपर कोरा दिलेल्या मुलाकडे बघत असेल.

पुढच्या आठवड्यात हसण्याचा सीन आहे. रोज आरशासमोर सराव करतोय. विचित्र आहे. आरशात बघत हसलं की हसू येत नाही. आरसा नसताना छान येतं. गाल वर जातात, डोळे बारीक होतात, सगळं जाणवतं. नटाने आरशावर विसंबू नये हेच खरं.

आज ही मोरीच्या दारात येऊन उभी होती, मला दिसली नाही.

"काय करतोयस?"

"हसतोय."

ती बघत राहिली. मग स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. बराच वेळ पाणी वाहत होतं. एरवी थेंब गळला तरी ती मला ऐकवते.

३ एप्रिल

हे आज लिहून टाकलं पाहिजे. उद्यावर टाकलं तर लिहिणार नाही.

सकाळपासून काचेचं दार पुसून लख्ख केलेलं. मुलाचं काम करणारा नट बॅग घेऊन आला, माझ्याकडे न बघता आत गेला. मी दार धरलं होतं. मी हसलो.

"कट. सर, छान. थोडं जास्त करू या?"

पुन्हा तो आला, आत गेला. मी जास्त हसलो.

"सर, अजून थोडं."

असं पुष्कळदा झालं. दर वेळी तिचा आवाज आणखी मऊ होत गेला, आणि मला त्या मऊपणाची भीती वाटायला लागली. मुलाच्या नटाला घाम सुटला होता, बॅग जड होती. शेवटी ती कॅमेऱ्यामागून उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "सर, आता हसा. खरंच हसा."

मी म्हटलं, "हसलो की."

कोपऱ्यातला एक लाइटवाला फिस्सकन हसला. त्याला वाटलं, ठोकळ्याने विनोद केला. मग त्याचं बघून दुसरा, मग सगळं युनिट. इतका वेळ ताण होता, तो सुटला सगळ्यांचा. दिग्दर्शिका तेवढी हसत नव्हती. मी हशा संपेपर्यंत थांबलो. ते मला येतं. मग म्हटलं, "मला दाखवा."

"राहू दे ना सर, उद्या करू."

"दाखवा."

मॉनिटरवर दरवान होता, दार धरून. मुलगा आत गेला. आता हसेल, मला ठाऊक होतं, कारण मी हसलो होतो. गाल वर गेल्याचं मला आठवत होतं. दरवान तसाच उभा. ओठाचा एक कोपरा जरासा हलल्यासारखा झाला आणि राहिला. पुढचा टेक दाखवा म्हटलं. तसाच. त्याच्या पुढचा. तसाच. सगळे एकाच फोटोसारखे.

मला ९ फेब्रुवारी आठवली. जेवणाचं टेबल, आणि समोर बसलेली लेक.

कुणीतरी खुर्ची आणली. मी बसलो. थोड्या वेळाने ही आली, शाळेच्या साडीतच, हाताला खडू. तिच्यामागे भोंगा. दिग्दर्शिकेने बोलावून घेतलं असणार. भोंगा माझ्यापासून लांबच उभा राहिला. ही म्हणाली, "मंगळवारची वेळ घेतली आहे डॉक्टरांची. घेऊन महिना झाला."

८ एप्रिल

डॉक्टर बारीक अंगाचे, माझ्याच वयाचे. बोटांची उघडझाप करायला लावली, भिंतीपर्यंत चालायला लावलं, मनगट धरून वळवून बघितलं.

"वास येतो?"

मी हो म्हणणार तेवढ्यात ही म्हणाली, "दूध जळालं तरी येत नाही."

"झोपेत हातपाय झाडतात?"

"मला लाथ बसली होती पाठीत. म्हणून मी दुसऱ्या खोलीत झोपते." मग माझ्याकडे वळून, "तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"चेहरा असा कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"पंचवीस वर्षांपासून," मी म्हटलं. "त्याचंच तिकीट लावतो."

ते हसले नाहीत. आमच्या धंद्यात चालले असते.

कंपवात आहे. पार्किन्सन. मी म्हटलं, पण माझा हात तर थरथरत नाही. ते म्हणाले, सगळ्यांचा थरथरतोच असं नाही. काहींचं आधी अंग आखडतं, हालचाल मंदावते, चेहरा थिजतो. "दुसऱ्या कुणाच्या घरच्यांना वर्षभर आधी शंका आली असती. तुमच्या बाबतीत कुणाला येणार?"

गोळ्यांनी फरक पडेल. हाताला नक्की. चेहऱ्याचं सांगता येत नाही.

घरी येताना टॅक्सीत मी एकच विचार करत होतो. अजून तोच चाललाय. दिग्दर्शिका ज्याला संयम म्हणत होती, कॅमेरामनने ज्या न लवणाऱ्या पापण्या मोजल्या, त्यातलं माझं किती आणि या आजाराचं किती? आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला मोठा नट म्हणालं, आणि तो मी होतो की नाही, हेच मला माहीत नाही.

१२ एप्रिल

भोंगा आला. दाराशी उभा राहून म्हणाला, "आत येऊ की टोपी फेकून बघू?"

चहा घेतला. तो नेहमीसारखा बडबडत नव्हता. मग त्याने सांगितलं. त्याच्या वडिलांना हेच होतं. घरातल्या सगळ्यांना वाटलं, म्हातारा तुसडा झाला, कुणाशी हसत नाही, बोलत नाही. "मीच जास्त बोललो त्यांना. डॉक्टरकडे नेईपर्यंत दोन वर्षं गेली." टोपी पडली त्या दिवशी त्याला माझा हात दिसला आणि वडील आठवले. मी ऐकणार नाही हे माहीत होतं, म्हणून तो हिच्याकडे गेला, मग दिग्दर्शिकेकडे.

"मला वाटलं, तू काम तोडायला गेलास," मी म्हटलं.

"गेलोच होतो. तुला सुट्टी द्या म्हणून सांगायला. तिने दिली नाही, ती पण हट्टीच आहे."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "मागतोयस हे तोंडावर दिसत नाहीये, पण चालेल."

१३ एप्रिल

लेकीकडे गेलो. एकटाच, बसने. पोट दिसायला लागलंय आता. तिला सगळं सांगितलं, जेवणाच्या टेबलावर मी काय केलं होतं आणि तिला काय दिसलं असेल ते. ती रडायला लागली, आणि मग मला म्हणाली, "आता तुला काय वाटतंय ते मला कसं कळणार?"

"विचार. मी सांगत जाईन."

"आत्ता काय वाटतंय?"

"भीती," मी म्हटलं. "आणि भूक."

तिला हसू आवरेना. रडताना हसायला लागलं की तिला उचकी लागते, लहानपणापासून.

१९ एप्रिल

निर्मात्याने बोलावलं. दिग्दर्शिकाही होती, खिडकीकडे तोंड करून.

"आजकाल काहीही करता येतं," निर्माता म्हणाला. "तुमच्याच चेहऱ्यावर तुमचंच हसू कॉम्प्युटरवर बसवू. कुणाला कळणार नाही. फक्त नमुना हवा. तुमचं एखादं हसतानाचं चित्रण."

माझी इतक्या वर्षांची चित्रणं काढली. एकातही मी हसत नाही. कामाला चोख होतो, दुसरं काय.

लेकीकडे एक जुनी फीत होती. ती झोपाळ्यावर, मी ढकलतोय. कॅमेरा हिच्या हातात. झोपाळा वर जातो, पोरगी किंचाळते, आणि तो माणूस हसतो. दात दिसेपर्यंत. मी ते कितीदा बघितलं सांगत नाही. त्याचा हेवा वाटला मला. त्याला काहीच करावं लागत नव्हतं.

निर्मात्याला नाही म्हटलं. कारण विचारलं तर धड सांगता आलं नाही. ते हसू त्या पोरीसाठी होतं, बॅग घेऊन जाणाऱ्या नटासाठी नव्हतं, असं काहीतरी पुटपुटलो.

दिग्दर्शिका खिडकीपासून वळली. "सर, माफ करा, पण तुम्ही माझा सिनेमा मारताय. मी चार वर्षं यात घातलीत. मला ते हसू पाहिजे."

तिचंही खरं होतं. मी म्हटलं, "हसण्याशिवाय एकदा घेऊन बघा. मुलगा आत जाईल, मी बघेन. उभं राहिलं नाही तर मग चिकटवा. मी सही करून देतो."

आणि दिली. सही इतकी बारीक आली की निर्मात्याने भिंगाखाली धरल्यासारखा कागद डोळ्यांशी नेला.

२ मे

सीन पुन्हा झाला. गोळ्यांनी हात बराच सुटलाय, दार चांगलं धरता आलं. चेहरा आहे तिथेच आहे.

तिने मला काहीही सांगितलं नाही. "सर, तो आत जाताना त्याला बघा. बाकी मी बघते." मुलगा आला, गेला. मी बघितलं. एकदाच घेतला. "ओके," ती म्हणाली, आणि त्या ओकेचा अर्थ मला लागला नाही. निघताना विचारलं, उभं राहिलं का? ती म्हणाली, "एडिटिंगला बसल्यावर कळेल. खोटं नाही सांगत, मला अजून भीती वाटते."

२१ ऑगस्ट

नात झाली. लेकीने माझ्या हातात दिली आणि खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मला फार आनंद झालेला आहे," मी जाहीर केलं.

नर्स भिंतीला टेकून हसली. नात झोपलेली होती. तिचाही चेहरा हलत नव्हता.

१६ नोव्हेंबर

काल सिनेमाचा पहिला खेळ. चिकटवलं की नाही, ते मी विचारलं नव्हतं. सही करून दिल्यावर विचारायचा हक्क राहत नाही. पण पंधरा दिवस अन्न गोड लागत नव्हतं.

एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला भोंगा. सुरुवातीला मी पडद्यावर दिसलो तेव्हा लोक हसले. हसणारच. पुढे हळूहळू हसणं थांबलं. शेवट जवळ आला तसा माझा हात थरथरायला लागला, हल्ली लागतो, हिने तो मांडीवर दाबून धरला. काचेचं दार आलं. मुलगा बॅग घेऊन आला.

मी डोळे मिटले. लिहायला लाज वाटते, पण मिटले.

काही ऐकू आलं नाही. आख्खं थिएटर गप्प. मग दिवे लागले.

बाहेर गर्दीत एक म्हातारी बाई माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "शेवटी किती गोड हसलात हो."

म्हणजे चिकटवलं. मागून एक तरुण मुलगा आला, "सर, ते हसू. आहाहा." मी गर्दीतून दिग्दर्शिकेला शोधून काढलं.

"चिकटवलंत."

"नाही."

"लोक सांगताहेत."

"सर, शपथ घेते. एक फ्रेम बदललेली नाही. तुम्ही बघितलं नाही का?"

डोळे मिटले होते, हे तिला सांगितलं नाही. तिच्यावर विश्वास बसला नाही.

१७ नोव्हेंबर

आज दुपारच्या खेळाला एकटा गेलो. तिकीट काढून, मधल्या रांगेत. थिएटर अर्धं भरलेलं. शेवटच्या प्रसंगाला डोळे ताणून उघडे ठेवले.

मुलगा आत जातो. दरवान दार धरून उभा. कॅमेरा त्याच्यावरच थांबतो, बराच वेळ, मला वाटलं होतं त्याच्या दुप्पट. दरवान मुलाला बघतो. ओठ नाही, गाल नाही, पापणी नाही. मी माझा चेहरा ओळखतो. काही हललं नाही.

माझ्या मागच्या रांगेत एक पुरुष त्याच्या बायकोला हळूच म्हणाला, "हसला बघ."

"हो," ती म्हणाली.

मी दिवे लागेपर्यंत बसून राहिलो, आणि लागल्यावरही.

घरी ही पेपर तपासत होती. मी सगळं सांगितलं. मग विचारलं, "तुला दिसलं होतं का परवा? मी हसताना?"

तिने लाल पेन खाली ठेवलं.

"मला काय विचारतोस," ती म्हणाली. "माझा चष्मा ओला झाला होता."